टीममध्ये दोन उंच पोरं आहेत? मग लाइनअप लावायच्या आधी हे वाचा

नाशकात आता कॉलेज रोड, गंगापूर रोडपासून सिडको, नाशिकरोड, देवळालीपर्यंत कुठल्या ना कुठल्या ग्राउंडवर संध्याकाळी बास्केटबॉल चालूच असतो, आणि नवीन टीम जमली की प्रश्न ठरलेला, आपल्याकडे दोन उंच पोरं आहेत, दोघांना एकत्र खेळवायचं का एकाला बसवायचं? बहुतेक टीम दोघांनाही उतरवतात, दोघांनाही सांगतात "रिंगखाली थांब", आणि मग दिवाळीत मेन रोडला होते तशी गर्दी पेंटमध्ये (रिंगसमोरच्या आखलेल्या चौकटीत) होते, गार्डला (बॉल वर आणणाऱ्या छोट्या खेळाडूला) आत घुसायला जागा नाही, उंच पोरांना वळायला जागा नाही, आणि बाहेरून सगळे ओरडतायत "आत टाक ना भो, आत टाक".

पहिल्यांदाच टीम लावणाऱ्यांसाठी हे लिहितोय, मग ते शाळेचे सर असोत, कॉलनीच्या टीमचा कॅप्टन असो नाहीतर मुलीच्या टीमला मदत करणारे आई-बाबा. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. किती उंच खेळाडू उतरवायचे हे नंतर ठरवा, आधी प्रत्येकाची कोर्टवरची जागा ठरवा. दोघांना दोन वेगळ्या जागा देता आल्या तर दोघं एकत्र खेळतील, नाही देता आल्या तर आळीपाळीने खेळवा, त्यात कुणाचाच कमीपणा नाही.

स्टेप १: कोणाकडे काय आहे ते कागदावर लिहा

नुसती उंची बघून सेंटर (रिंगजवळ खेळणारा खेळाडू) ठरवू नका. पोराला भिंतीला टेकवून उभं करा, टाचा जमिनीवर, एक हात सरळ वर, आणि बोटाच्या टोकाशी खडूने खूण करा. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर असते, त्यामुळे खरा उपयोग हात किती वर पोचतो त्याचा आहे. सारख्याच उंचीच्या दोन पोरांच्या खुणांमध्ये चांगला फरक निघू शकतो, आणि कधी कधी टीममधला तिसऱ्या नंबरचा उंच पोरगा हाताच्या बाबतीत पहिला निघतो.

मग अजून चार गोष्टी बघा. बॉल बोर्डवर मारून पकडायला सांगा आणि खाली आल्या आल्या लगेच परत उडी मारायला सांगा, ही दुसरी उडी पहिलीइतकी पटकन येते का ते बघा, रिबाउंड (न लागलेल्या शॉटचा परत आलेला बॉल) तिथेच मिळतो. पळता पळता जोरात पास द्या, हातात बसतो का सुटतो. एका बेसलाइनपासून दुसऱ्या बेसलाइनपर्यंत पळवा, पूर्ण कोर्ट २८ मीटरचं आहे, उंच पोरगा डिफेन्सला वेळेत परत येत नसेल तर ती चार विरुद्ध पाच अशी मॅच होते. आणि शेवटचं, फ्री थ्रो लाइनवरून (रिंगसमोरची, फाउलनंतरचे शॉट मारायची रेषा) दहा शॉट मारायला लावा. या शेवटच्या टेस्टवर पुढचं बरंच काही ठरणार आहे म्हणून तो कागद जपून ठेवा.

सतनाम सिंग भामराचं उदाहरण पोरांना नक्की सांगा. पंजाबमधल्या बल्लो के गावचा, ७ फूट २ इंच उंच, २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या नंबरवर निवडलं, एनबीए ड्राफ्टमध्ये (अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा) निवडला गेलेला तो पहिला भारतीय. पण मुख्य लीगची मॅच त्याला खेळायला मिळाली नाही, तो डॅलसच्या खालच्या टीमकडून, टेक्सस लेजेंड्सकडून खेळला. इथवर पोचणं म्हणजे प्रचंड मोठी गोष्ट आहे आणि त्याचा अभिमानच आहे, पण नेमका त्याच काळात खेळ वेगाकडे आणि बाहेरच्या शॉटकडे वळला होता आणि रिंगजवळ उभ्या राहणाऱ्या सेंटरची जागा कमी होत चालली होती.

आणि १२-१३ वर्षांच्या पोरांची टीम असेल तर कृपा करून उंच पोराला कायमचं रिंगखाली गाडू नका. त्याला ड्रिबल शिकवा, बॉल वर न्यायला लावा. अँथनी डेव्हिस शाळेत असताना गार्ड म्हणून खेळायचा, मग भराभर उंची वाढली, आणि गार्डची ती सगळी कला सेंटर झाल्यावर कामाला आली. उलट्या बाजूने, बाराव्या वर्षी वर्गात सगळ्यात उंच असलेला पोरगा पुढे वाढलाच नाही तर त्याच्या हातात काय राहणार?

स्टेप २: टीव्हीवर बघता ते नियम आपले नाहीत

पोरं सकाळी उठून एनबीए बघतात आणि तेच ग्राउंडवर करायला जातात. आपल्याकडच्या स्पर्धा फिबाच्या (जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या) नियमांनी होतात आणि उंच खेळाडूंच्या बाबतीत तीन-चार फरक फार महत्त्वाचे आहेत.

एनबीएमध्ये डिफेन्सवाल्यालाही पेंटमध्ये कोणाला न धरता ३ सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. फिबात हा नियमच नाही. म्हणजे तुमचा उंच पोरगा डिफेन्सला रिंगसमोर हवा तितका वेळ उभा राहू शकतो. अटॅकला मात्र ३ सेकंद दोन्हीकडे लागू आहेत, आणि आपल्या बऱ्याच सिमेंट कोर्टवर पेंटच्या रेषा पुसट झालेल्या असतात त्यामुळे पोरांना सवयच नसते आणि मग स्पर्धेत शिट्टी वाजते. प्रॅक्टिसला खडूने रेषा ओढून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरं, शॉट मारलेला बॉल एकदा रिंगला लागला की फिबात तो रिंगच्या वर असताना सुद्धा हाताने मारता येतो, एनबीएमध्ये नाही. रिंगपर्यंत हात पोचणारा एखादा असेल तर त्याला हे मुद्दाम शिकवा, अटॅकला टिप-इन (उडालेला बॉल हातानेच रिंगमध्ये ढकलणं) आणि डिफेन्सला बॉल उडवून लावणं दोन्ही. तिसरं, फाउल पाचच, एनबीएसारखे सहा नाहीत, आणि मॅच ४० मिनिटांची. आणि जंप बॉल फक्त सुरुवातीला, नंतर स्कोअर टेबलवरच्या बाणाप्रमाणे आलटून पालटून बॉल मिळतो, त्यामुळे "जंपसाठी उंच पोरगा कोर्टवर पाहिजेच" हा मुद्दा पहिल्या सेकंदानंतर संपतो.

स्टेप ३: सुरुवात एका उंच खेळाडूपासून करा

नवीन टीमने आधी चार बाहेर आणि एक आत हेच बसवावं. चार जण थ्री पॉइंट लाइनच्या आसपास पसरलेले, फिबाची लाइन ६.७५ मीटरवर आहे, तिथून शॉट नाही लागला तरी चालेल पण उभं तिथंच राहायचं, कारण प्रत्येक जण आपला डिफेंडर सोबत बाहेर घेऊन जातो. आतला एक उंच पोरगा पेंटच्या कडेला रिंगजवळ, त्या जागेला ब्लॉक म्हणतात.

त्याचं काम काय? बॉल ज्या बाजूला असेल त्या ब्लॉकवर यायचं, दोन सेकंद जागा मागायची, पास नाही मिळाला तर निघून जायचं. निघून कुठे, तर बेसलाइनच्या बाजूला, पेंटच्या एक पाऊल बाहेर. गार्ड आत घुसला आणि सेंटरचा डिफेंडर त्याला अडवायला गेला की त्या जागेवर सोपा पास आणि सोपा लेअप (रिंगजवळून बोर्डवर हलकेच टाकलेला शॉट). हे एवढंसं कळलं तरी शाळेच्या लेव्हलला टीमचा खेळ बदलतो.

शिकवायला मायकन ड्रिल घ्या, रिंगखाली उभं राहून एकदा उजवीकडून उजव्या हाताने, एकदा डावीकडून डाव्या हाताने, बॉल खाली न आणता सलग लेअप. जॉर्ज मायकनच्या नावाने ही ड्रिल आहे, ६ फूट १० इंचाचा हा सेंटर रिंगजवळ एवढा भारी पडायचा की १९५१ मध्ये एनबीएने पेंटची रुंदी ६ फुटांवरून १२ फूट केली. नाशिकच्या पावसात सिमेंट कोर्ट ओलं असलं की पळापळीची प्रॅक्टिस घेऊच नका, उंच पोरं घसरली की गुडघाच जातो, अशा वेळी शाळेच्या एखाद्या पॅसेजमध्ये किंवा शेडखाली बॉल न आपटता पिव्होट (एक पाय रोवून वळणं) आणि ड्रॉप स्टेप (एक पाय मागे टाकून रिंगकडे वळणं) घ्या. आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळची प्रॅक्टिस असेल तर वॉर्मअप दुप्पट, थंडीत आखडलेल्या पायांनी उंच पोरांना पहिल्याच मिनिटाला उड्या मारायला लावू नका.

स्टेप ४: दोघं एकत्र, पण एक वर एक खाली

आता तो फ्री थ्रोचा कागद काढा. दोघांपैकी ज्याचे शॉट जास्त लागले, किंवा निदान ज्याला पास चांगला देता येतो, तो वर, म्हणजे फ्री थ्रो लाइनच्या आसपास. दुसरा खाली ब्लॉकवर. याला हाय-लो म्हणतात. दोघांपैकी एकालाही वरून शॉट नाही आणि पासही नाही, असं असेल तर दोघांना एकत्र खेळवायचा हट्ट सोडा, सरळ स्टेप ६ वर जा.

एक चाल नीट बघू, कारण सगळी मजा यातच आहे. गार्ड बॉल घेऊन उजवीकडे आहे. खालचा पोरगा उजव्या ब्लॉकवर, त्याचा डिफेंडर हुशार आहे, तो मागे न थांबता त्याच्या पुढे येऊन उभा राहिलाय म्हणजे गार्डकडून सरळ पास बंद. गार्डने बॉल वरच्या पोराकडे द्यायचा. ज्या क्षणी बॉल हवेत आहे त्याच क्षणी खालच्याने आपली पाठ आणि कंबर डिफेंडरला टेकवायची, त्याला रिंगपासून बाहेर अडकवून ठेवायचं आणि रिंगच्या बाजूचा हात वर करायचा. आता पुढे असलेला डिफेंडर चुकीच्या बाजूला राहिला. वरच्या पोराने बॉल कपाळाच्या वर धरायचा, ड्रिबल अजिबात नाही, छातीखाली बॉल आणला की बाजूचा छोटा गार्ड हात मारून घेऊन जातो. तिथून पास सरळ माणसाकडे न देता बोर्डच्या कोपऱ्याकडे उंच टाकायचा, खालचा पोरगा दोन पावलांत तिथे पोचतो. पास एक सेकंद उशिरा गेला तर डिफेंडर वळून सावरतो, म्हणून ही चाल आधी डिफेन्सशिवाय बसवा, मग एक डिफेंडर, मग दोन.

मोठ्या टीमनी हेच केलंय. ह्यूस्टन रॉकेट्सने राल्फ सॅम्पसन आणि हकीम ओलाजुवॉन या जोडीला घेऊन १९८६ ची एनबीए फायनल गाठली, या जोडीला ट्विन टॉवर्स म्हणायचे. सॅन अँटोनियोत डेव्हिड रॉबिन्सन आणि टिम डंकन एकत्र होते, १९९९ आणि २००३ अशी दोन टायटल जिंकली, आणि ते जमलं कारण डंकन फ्री थ्रो लाइनच्या आसपासून बोर्डवर मारून शॉट घालायचा, पासही द्यायचा, म्हणजे दोघं एकमेकांच्या पायात येत नव्हते. मधल्या काळात सगळे छोट्या लाइनअपच्या मागे गेले, पण २०२५ ला ओक्लाहोमा सिटी चॅम्पियन झाली तेव्हा त्यांच्याकडे चेट होल्मग्रेन आणि आयझाया हार्टेनस्टाइन असे दोन ७ फुटी होते, एक बाहेर जाऊन थ्री मारणारा, एक आत स्क्रीन लावून (डिफेंडरच्या वाटेत उभं राहून) पास देणारा. परत तेच, जागा वेगळ्या.

स्टेप ५: डिफेन्स आणि रिबाउंड, खरी परीक्षा इथे

दोन उंच खेळाडू अटॅकला जेवढे देतात तेवढं डिफेन्सला घालवू शकतात. समोरच्या टीमचा सेंटर सोडून दुसरा मोठा खेळाडू चपळ असेल, बाहेरून शॉट मारणारा असेल, तर तुमच्या दुसऱ्या उंच पोराला त्याच्यामागे बाहेर पळावं लागतं आणि तिथेच भोक पडतं. नवीन टीमसाठी माझा सल्ला सरळ आहे, दोघं एकत्र असतील तेव्हा २-३ झोन लावा, म्हणजे माणूस न धरता जागा सांभाळायची, दोघं पुढे आणि तिघं रिंगजवळ. जास्त हात पोचणारा मध्ये, डिफेन्सचे ३ सेकंद नसल्यामुळे तो तिथेच राहू शकतो, आणि जास्त पळणारा एका कॉर्नरच्या बाजूला. झोनला थ्री जायला लागले, समजा लागोपाठ दोन-तीन गेले, तर वाट बघत बसू नका, एका उंच पोराला बाहेर घ्या आणि मॅन टू मॅनवर या, म्हणजे प्रत्येकाने आपापला माणूस धरायचा.

मॅन टू मॅनमध्ये स्क्रीन लागली की उंच पोराने गार्डच्या मागे बाहेर धावायचं नाही, दोन पावलं मागे सरकून रिंग आणि बॉलच्या मध्ये थांबायचं, हात वर. तो बाहेरून शॉट घेतोय तर घेऊ दे, शाळा-कॉलेजच्या लेव्हलला लेअपपेक्षा तो शॉट आपल्याला परवडतो.

बॉक्स आउट रोज घ्या, अगदी रोज. शॉट उडाला की सगळ्यांची नजर बॉलकडे जाते, ती आधी आपल्या माणसाकडे गेली पाहिजे. हाताने त्याला शोधा, एका पायावर वळून पाठ त्याला लावा, गुडघे वाकवा, कंबर मागे ढकला, कोपर खांद्याच्या रेषेत उघडे पण हलवायचे नाहीत, मग बॉल. उंच पोरांना वाटतं आपण उंच आहोत, बॉल आपलाच, आणि खालून एखादा बुटका पण चिवट पोरगा बॉल घेऊन जातो. आपल्याकडे अनेक ग्राउंडवर रिंग कडक असतात, स्प्रिंग नाही, बॉल लागला की लांब उडतो, त्यामुळे दोन्ही उंच पोरांना रिंगच्या अगदी खाली पाठवू नका, एक जवळ आणि एक फ्री थ्रो लाइनच्या आत दोन पावलं, लांब उडालेला बॉल त्याचा.

दोघं मिळून अटॅकचे रिबाउंड आणत असतील तर तो मोठा फायदा आहे, जिथे शॉट क्लॉक (शॉट घ्यायच्या वेळेचं घड्याळ) लावतात तिथे अटॅकच्या रिबाउंडनंतर २४ नाही, १४ सेकंद मिळतात, पण रिंगखाली बॉल हातात असताना १४ पुष्कळ झाले.

स्टेप ६: मिनिटं वाटा, आणि आधी वाटा

समजा तीन उंच खेळाडू आहेत, अ सगळ्यात चांगला, ब दुसरा, क शिकतोय. पहिल्या क्वार्टरची पहिली ४ मिनिटं अ आणि ब एकत्र. मग ब बाहेर, पुढची ३ मिनिटं अ एकटा. मग अ बाहेर, शेवटची ३ मिनिटं ब एकटा. दुसऱ्या क्वार्टरला पहिली ४ मिनिटं क एकटा, मग ३ मिनिटं अ एकटा, शेवटची ३ मिनिटं अ आणि ब. दुसऱ्या हाफला हेच परत. हिशोब केला तर ४० पैकी अ ला २६ मिनिटं, ब ला २०, क ला ८, आणि कोर्टवर कायम एक तरी उंच खेळाडू असतो. दोघं एकत्र फक्त १४ मिनिटं, तेही हाफच्या सुरुवातीला आणि शेवटाला. दोघं एकत्र जमतच नसतील तर ती १४ मिनिटं अ आणि ब मध्ये वाटून टाका, बाकी तक्ता तसाच.

क ची ८ मिनिटं कापायचा मोह होतो, विशेषतः मॅच टाइट असली की. कापू नका. अ फाउलमध्ये अडकला की तोच लागणार आहे आणि न खेळलेला पोरगा ऐनवेळी उभा करून काही होत नाही.

फाउलचा साधा नियम ठेवा, पहिल्या क्वार्टरमध्ये दोन झाले की बसवा, हाफटाइमच्या आत तीन झाले की हाफटाइमपर्यंत बसवा. एका क्वार्टरमध्ये टीमचे चार फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात, म्हणून बेंचवर एकाला फक्त फाउल मोजायला बसवा. उंच पोरांचे निम्मे फाउल हात खाली मारल्यामुळे होतात, "हात वर, सरळ वर" हे बेंचवरून सारखं ओरडत राहा.

स्टेप ७: उंच कोणीच नसेल तर

तरी घाबरायचं कारण नाही. २०१५ च्या एनबीए फायनलला गोल्डन स्टेट १-२ ने मागे होती, चौथ्या मॅचला कोच स्टीव्ह करने ७ फुटी अँड्र्यू बोगटच्या जागी आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीपासून उतरवलं, सेंटरची जागा ६ फूट ६ इंचाच्या ड्रेमंड ग्रीनने सांभाळली, ती आणि पुढच्या दोन्ही मॅच जिंकल्या आणि इग्वोडाला फायनलचा एमव्हीपी झाला.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा, समोरच्या सेंटरला बॉल मिळूच द्यायचा नाही, त्याच्या पुढे उभं राहायचं आणि मागून एकाने मदतीला यायचं. रिबाउंडला पाचही जण आत. आणि बॉल मिळाला की पळायचं, समोरचा उंच पोरगा थकेपर्यंत पळायचं.

शेवटची दोन मिनिटं

चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत बास्केट झाली की घड्याळ थांबतं, आणि ज्यांच्यावर बास्केट झाली त्या टीमला खेळाडू बदलता येतो. त्यांनी बदलला तर समोरच्यालाही बदलता येतो. म्हणजे तुमच्यावर बास्केट झाली तर उंच पोराला बाहेर काढून शॉट मारणारा आत घ्या, आणि पुढची शिट्टी वाजली, बॉल बाहेर गेला किंवा फाउल झाला, की डिफेन्ससाठी त्याला परत आत. दुसऱ्या हाफचे तीन टाइमआउट असतात, त्यातले दोन या वेळेसाठी राखून ठेवा. आणि समोरचा फ्री थ्रो मारत असेल तेव्हा तुमचे दोन्ही उंच खेळाडू रिंगच्या सगळ्यात जवळच्या दोन जागांवर पाहिजेत, त्या जागा डिफेन्सच्याच असतात, तिथे गार्ड जाऊन उभे राहणार नाहीत हे टाइमआउटमध्येच नावं घेऊन सांगा.